दोन सूत लांब बोल्ट

सकाळी जिन्याखालून पुठ्ठा ओढून काढला तर त्यावर तेलाचा डाग होता. तळहाताएवढा, कडेकडेने फिकट होत गेलेला. आदल्या रात्रीच मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्कूटरच्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल भरलं होतं. जुनं तेल सोडायचा खालचा ड्रेन बोल्ट नवा, त्याचं वॉशर नवं, दोन्ही त्याच मॉडेलचे, मापात तंतोतंत. काढलेला जुना बोल्ट मात्र भलताच होता. कुठल्या तरी दुसऱ्याच यंत्रातून आलेला, डोकं वेगळ्या मापाचं, लांबीला दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. तो भलता बोल्ट त्या जागी निदान वीस वर्षं होता आणि एवढ्या वर्षांत गाडीखालची फरशी मी कधी तेलकट झालेली पाहिली नव्हती. योग्य बोल्टाने एका रात्रीत डाग पाडला.

डाग छोटाच होता. पण दिवसभर हातातलं काम करताना मन पुन्हा पुन्हा त्या पुठ्ठ्याकडे जात राहिलं.

बोल्ट काढतानाचं सगळं मला नीट आठवत होतं. बाकीच्या बोल्टांना बसणारा पाना त्याला बसेना, म्हणून मी वैतागलो होतो. दुसरा पाना शोधून आणला, बोल्ट हळूहळू सैल केला, काळं तेल तसराळ्यात उतरू दिलं. बोल्ट हातात आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये काळा लगदा भरलेला होता, कंगव्याच्या दातांत केसांचा गुंता बसावा तसा. मी तो घाण समजलो. पेट्रोलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासत बसलो, आटे चकचकीत होईपर्यंत. अण्णांनी घाईत हाताला लागला तो बोल्ट लावून टाकलेला दिसतोय, असं मनाशी म्हणालो आणि तो निकामी सामानाच्या डब्यात टाकला. नवा बोल्ट बोटांनी सहज चढला. पान्याने आवळायला लागलो. घट्ट झाला, अजून घट्ट झाला, आणि एकाएकी हाताला काहीतरी मऊ लागलं. ॲल्युमिनियमच्या भागात बोल्ट आवळणाऱ्या प्रत्येकाला हा मऊपणा ठाऊक असतो. आटे निसटतात तेव्हा आवाज होत नाही, कुठे काही तुटल्यासारखं वाटत नाही. पाना नुसता पुढे सरकतो. मी हात थांबवला, वॉशर बसलं असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि दिवा मालवून वर गेलो.

संध्याकाळी पुन्हा गाडीखाली आडवा झालो, बॅटरीचा झोत त्या भोकात टाकला, तेव्हा सगळा उलगडा झाला. तोंडाशी असलेले तीन-चार आटे केव्हाचेच झिजून गेले होते. आतले मात्र शाबूत होते, धारदार. अण्णांना हे माहीत होतं. आतल्या शाबूत आट्यांपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी दोन सूत लांब बोल्ट निवडला होता, आणि पुढून तेल झिरपू नये म्हणून आट्यांत दोरा गुंडाळला होता. मी कंगव्यातला गुंता म्हणून घासून काढला तो हा दोरा. सूत लांबीचंही आणि सूत कापसाचंही, दोन्ही मोजूनमापून त्या भोकात घातलेलं, आणि मी पेट्रोलने धुऊन टाकलं.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गाडी जिन्याखाली उभी होती. सुरुवातीला आठवड्याला एक किक मारून इंजिन फिरवायचं असा मी नेम केला होता, तो चार महिने टिकला. मग एकदा बाजूला सरकवली, एकदा तिच्यावर चादर टाकली, एकदा चादरीवर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. हे कव्हर ही माझी सगळ्यात मोठी चूक. जमिनीतून येणारी ओल वर जाते, प्लास्टिकला अडते, रात्री थंड होऊन थेंबांच्या रूपाने पत्र्यावर परत पडते. उघड्यावर राहिली असती तर वाऱ्याने तरी वाळली असती. झाकून ठेवायचीच असेल तर श्वास घेणाऱ्या कापडाने झाकावी, खाली लाकडी फळी किंवा रबरी चटई द्यावी, चाकं जमिनीपासून उचलून ठेवावीत, बॅटरी काढून घरात घ्यावी. हे आज मी कुणालाही झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हा मला गाडीकडे बघवत नव्हतं, आणि न बघण्याचा सोपा उपाय म्हणजे ती झाकणं. आपल्या माणसाची वस्तू सांभाळून ठेवायची म्हणून आपण ती झाकतो, आणि झाकलेल्या अंधारात ती कशी खंगते ते दिसायचं राहूनच जातं.

नऊ वर्षांनी कव्हर काढलं तेव्हा पहिल्यांदा आला तो वास. ताज्या पेट्रोलचा वास हलका असतो, नाकातून लगेच डोक्यात जातो. शिळ्या पेट्रोलचा वास जड, आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा. तो नुसता व्हार्निशसारखा वाटतो असं नाही, टाकीत खरोखरच तसं काहीतरी तयार झालेलं असतं. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट पिवळा थर धरतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकी तळातून गंजायला लागते. वरून आरशासारखी टाकी आणि तळाला सुई टोचली तर आरपार, हे असं होतं. आमची टाकी वाचली, पण कार्बुरेटर उघडला तर आतलं सगळं तपकिरी काचेत बसवल्यासारखं झालं होतं. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक उजेडासमोर धरलं, काही दिसेना.

अशा वेळी हात आपोआप तारेकडे जातो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाल्या, त्या प्रवासात इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली असं सांगतात. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, कारण मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच रस्त्यावर बसून केलेली दुरुस्ती आहे आणि ती हाताशी असलेल्या वस्तूने केलेली आहे. पण नळीचं जे चालतं ते जेटचं चालत नाही. जेटचं भोक पितळेत केसाच्या मापाने पाडलेलं असतं. त्यात तार घालून खरवडलं तर ते किंचित मोठं होतं, मग इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि कारण कुणाला सापडत नाही. म्हणून कार्बुरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी हवेचा झोत मारायचा, पुन्हा भिजत ठेवायचं. तिसऱ्या दिवशी त्या भोकातून मला उजेडाचा एक टिंब दिसला. मी आईला हाक मारून तो दाखवला. तिने चष्मा वर करून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "सुईत दोरा ओवताना दिसतं तेवढंच आहे की."

आई तेव्हा रोज संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची. काही बोलायची नाही. शिलाईच्या कामाची सवय असल्यामुळे रिकामं बसणं तिला जमत नाही, हातात काहीतरी असायचं. मी गाडीखाली, ती पायरीवर. एवढा वेळ आम्ही दोघं एका जागी कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

जुनी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्यांचं एक दुःख आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे अर्धवट सुटी झालेली गाडी. माझ्या ओळखीच्या एका घरात एक मोटरसायकल आहे. 'आहे' म्हणजे सांगाडा भिंतीला टेकलेला, इंजिन टेबलाखाली, बाकीचं सगळं खोक्यांमध्ये. मालकाने एका उत्साहाच्या आठवड्यात ती पार शेवटच्या नटापर्यंत सुटी केली होती. प्रत्येक भाग चकचकीत करायचा, रंगवायचा, मग जोडायचा, असा बेत. पुढे नोकरी बदलली, मूल झालं, खोक्यांवर दुसरी खोकी आली. मी गेलो की ते एखादं खोकं उघडून दाखवतात, आणि आतला तो भाग कशाचा हे दोघांनाही पटकन सांगता येत नाही. चालू गाडीत शेकडो तुकडे एकमेकांची ओळख देत बसलेले असतात. सुटे केले की ती ओळख फक्त सोडवणाऱ्याच्या डोक्यात उरते, आणि डोकं फार लवकर विसरतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की घरी काम करणाऱ्याने गाडी एकदम सुटी करू नये. एक कोपरा घ्यावा, तो सोडवावा, साफ करावा, परत जोडावा, मग दुसरा. वेळ दुप्पट लागतो. पण मध्ये आयुष्य आडवं आलं तरी गाडी गाडीच राहते.

मी तेच करत होतो. प्रत्येक कोपऱ्याचे आधी फोटो काढत होतो, बोल्ट काड्यापेट्यांत घालून वर पेन्सिलीने नावं लिहीत होतो. फोटो तीनशेच्या वर झाले होते. वायरिंगचे, केबलींच्या वळणांचे, चोक कुठून येतो त्याचे. त्या रात्री ते सगळे पुन्हा चाळले. ड्रेन बोल्टाचा एकही नव्हता. खाली चिखलात लपलेल्या, गाडी आडवी केल्याशिवाय न दिसणाऱ्या एका बोल्टाचा फोटो कशाला काढायचा, असं वाटलं असणार.

त्याच रात्री मला व्हिटवर्थची आठवण आली. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ मध्ये आट्यांचं एक प्रमाणित माप सुचवलं. कोन ५५ अंशांचा, आणि कुठल्या जाडीच्या बोल्टाला इंचामागे किती आटे ते ठरलेलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. बोल्ट आणि नट जोडीने घडवलेले, एकाचा नट दुसऱ्याला बसेलच अशी खात्री नाही. यंत्र सोडवताना कुठला बोल्ट कुठल्या भोकातला ते जपून ठेवावं लागे, कारण तो त्या भोकाचाच असे. मापं ठरली आणि बोल्ट कुणाचाच राहिला नाही. आठ मिलिमीटरचा मागितला की आठ मिलिमीटरचा मिळतो, कुठूनही आणला तरी चालतो. आपली सगळी दुरुस्ती या सोयीवर उभी आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण यंत्र जुनं होत जातं तसं ते हळूहळू मापाबाहेर जातं. भोक झिजतं, पत्रा वाकतो, धुरा एका बाजूने घासते. वीस-तीस वर्षांनी त्याच्या प्रत्येक भोकाचं स्वतःचं असं माप तयार झालेलं असतं, पुस्तकात नसलेलं. तिथे मग पुन्हा त्या भोकाचाच बोल्ट लागतो. अण्णांनी तो शोधला होता. मी पुस्तकातला आणून लावला.

अण्णांचा रविवार मला अजून आवाजांत आठवतो. पान्यांची गुंडाळी फरशीवर उलगडायची, तो एकामागून एक खण्‌ खण्‌ आवाज. स्पार्क प्लग काढला की त्यांचं दीर्घ 'हंऽऽ', म्हणजे प्लगचा रंग पाहून झालेलं निदान. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर कमी, विटकरी तपकिरी असेल तर ते प्लग मला दाखवायचे, न बोलता. मग पॉलिश पेपरचा खसखस आवाज. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काची, फट मोजायला त्यांच्याकडे पातळ पट्ट्यांचं फीलर गेज होतं, पण ते आधी बोटाच्या नखाने अंदाज घ्यायचे आणि मग गेज लावून स्वतःचा अंदाज तपासायचे. शेवटी गाडी एका बाजूला कलवायची, सरळ करायची, आणि किक. मला हे सगळं कंटाळवाणं वाटायचं. मला ती सुरू होऊन कुठेतरी जाण्यात रस होता. त्यांना ती सुरू होण्यात रस होता. यातला फरक मला आत्ता, स्वतःच्या नखांत तेल भरल्यावर कळतोय.

त्यांनी कधी गाडी रंगवून घेतली नाही. पुढच्या ढालीवर एक लांब ओरखडा आहे, त्यावर त्यांनी छोट्या ब्रशने रंग भरलाय आणि तो मूळ रंगापेक्षा एक छटा गडद आहे. मी काम सुरू केलं तेव्हा हा ओरखडा घासून, लांबी (पुट्टी) भरून, सगळी गाडी नव्याने रंगवायची असं ठरवलं होतं. नव्याहून नवी दिसणारी जुनी वाहनं मी पाहिली आहेत. त्यामागचे कष्ट मला कळतात, गंज उतरवायला लोक काय काय करतात तेही मी करून पाहिलंय. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग बुडवायचा, त्याला चार्जरचं ऋण टोक, शेजारी साध्या लोखंडाचा तुकडा, त्याला धन टोक. बुडबुडे येतात, पाण्यावर तांबडा फेस जमतो, आणि काही तासांनी गंजाखालचं करडं लोखंड जसंच्या तसं वर येतं, त्यावरचा मूळ कारखान्याचा शिक्कासुद्धा. हे उघड्यावरच करावं, कारण हायड्रोजन निघतो, आणि त्या लोखंडाच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून पाण्यात उतरणारं क्रोमियम विषारी असतं. पहिल्यांदा स्टँडचा क्लिप असा काढला तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पण गंज काढणं वेगळं आणि ओरखडा काढणं वेगळं. गंज वस्तू खातो. ओरखडा काही खात नाही, तो फक्त दिसतो.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा एक जागतिक महासंघ आहे, फिवा नावाचा, १९६६ पासूनचा. त्यांच्या व्याख्येत किमान तीस वर्षं जुनं, मूळ स्वरूपात जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं वाहन ते ऐतिहासिक. या महासंघाने २०१२ मध्ये तुरिन सनद स्वीकारली. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे, त्याच वळणाची ही वाहनांसाठी. शक्य तितकं कमी बदला, जुनं द्रव्य टिकवा, वापरात असताना झालेले बदल हाही त्या वाहनाचा इतिहास समजा, आणि नवा भाग बसवलाच तर तो नवा आहे हे ओळखू येईल अशी कायमची खूण त्यावर करा, असा तिचा रोख आहे. मी हे वाचलं तेव्हा मला ते संग्रहालयातल्या मोठ्या गाड्यांसाठी वाटलं होतं. आमची स्कूटर काही दुर्मीळ नाही. कोरादिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने पिआज्जोसाठी जिचा आराखडा केला आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये जिचं पेटंट दाखल झालं त्या व्हेस्पाच्या घराण्यातली, लाखोंनी बनलेल्यांपैकी एक. दास्कानियोला मोटरसायकली आवडत नसत. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, चाक काढणं कटकटीचं. म्हणून त्याने साखळीच ठेवली नाही, इंजिन झाकून टाकलं, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलं, म्हणजे पंक्चर झालं की चटकन निघेल. कपडे खराब होऊ नयेत म्हणून जन्मलेल्या या गाडीने अण्णांचे सगळे शर्ट खराब केले. आई ते दर सोमवारी भिजत घालायची.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या, जाणत्या मेकॅनिकना फोन करून विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "इन्सर्ट टाका." भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे, स्प्रिंगसारखी स्टीलची बारीक गुंडाळी त्यात बसवायची, मग मापाचा बोल्ट आयुष्यभर चालतो. मूळ ॲल्युमिनियमपेक्षाही पक्कं काम होतं. हेच खरं उत्तर आहे आणि कुणी मला विचारलं तर मीही हेच सांगेन. पण त्यासाठी इंजिन उतरवून उघडायला हवं, नाहीतर भोक पाडताना निघणारा ॲल्युमिनियमचा चुरा थेट गिअरमध्ये जातो. इंजिन पुढच्या वर्षी उघडायचंच आहे, क्रँकची ऑइल सीलं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलायला. नऊ वर्षांत ती कडक झाली असणार. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरचं तेल आत ओढतं आणि मागून पांढरा धूर निघतो, दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा ओढतं आणि इंजिन उगाच पळायला लागतं. दोन्ही सीलं आणि इन्सर्ट एकदमच होईल. पण तोवर? तोवर तो बोल्ट हवा होता.

निकामी सामानाचा डबा फरशीवर पालथा केला. पन्नासएक बोल्ट, वॉशर, तुटके क्लिप. दोन सूत लांब असे तीन बोल्ट निघाले आणि तिन्ही मीच साफ केलेले, एकसारखे चकचकीत. शेवटी एकाच्या डोक्यावर बोट फिरवताना एका कोपऱ्याला खाच लागली. कानशीने मारलेली, सरळ, मुद्दाम केलेली. मी पुन्हा गाडीखाली शिरलो. भोकाशेजारी केसिंगवर छिन्नीची एक बारीक रेघ होती. ती मी आधीही पाहिली होती आणि दगड लागला असेल म्हणून सोडून दिली होती. बोल्टाची खाच या रेघेसमोर आली की थांबायचं, त्यापुढे आवळायचं नाही. अण्णांनी ना कुठली सनद वाचली होती ना त्यांना ती वाचायची गरज होती.

रेघेवर अंगठा ठेवून मी किती वेळ तसाच पडून राहिलो कोण जाणे. गाडीखालची फरशी गार होती. अण्णांचाही अंगठा इथेच असणार, याच कोनात, पाठ याच फरशीला टेकलेली.

पायरीवरून आईने विचारलं, "काय रे, काय झालं?"

"अण्णांनी या बोल्टाला दोरा गुंडाळला होता," मी म्हणालो, "मी तो घासून टाकला."

"ह्यांनी कुठे?" आई म्हणाली. "मी गुंडाळला होता."

मी बाहेर सरकलो. तिने शिवण बाजूला ठेवली. "ह्यांची बोटं तेलाची. दोरा राहीचना. आणि उलटा गुंडाळत होते, बोल्ट फिरवला की सगळा सुटून वर यायचा. दोनदा चिडले. मग मी म्हटलं, द्या इकडे. खाकी दोरा होता, ह्यांच्या पँटींचा, जाड रीळ. पीळ ज्या बाजूला जातो त्या बाजूला फिरवायचा, म्हणजे आवळताना घट्ट होत जातो. वर ह्यांनी ते लाखेचं पॉलिश लावलं. बोटं चिकट झाली होती माझी दोन दिवस."

नऊ वर्षं मी तो बोल्ट लावणारा एकच हात धरून चाललो होतो. दोन दिवस तर त्या दोऱ्याचं दुःखही करत होतो. दोरा गुंडाळणारा हात सगळा वेळ तिसऱ्या पायरीवर होता.

खाकी रीळ आता नव्हतं. आईने पांढरं जाड रीळ आणलं, बोल्ट उजेडात धरला, टोक अंगठ्याखाली दाबलं आणि एकेक आटा भरत गेली. तिची बोटं आता थरथरतात. पण दोरा हातात आल्यावर थरथरत नव्हती. पॉलिशची बाटली कपाटात सापडली, आतलं सगळं वाळून खडा झालेलं, म्हणून गॅस्केटची पेस्ट लावली. मी खाली शिरून बोल्ट बोटांनी चढवला. पहिले आटे पोकळ गेले, मग आतला शाबूत भाग लागला आणि बोल्ट सरळ धरला गेला. पान्याने हळूहळू आवळत नेला. खाच रेघेकडे सरकत सरकत आली आणि अर्ध्या बोटाएवढी अलीकडेच घट्ट झाली.

"पोचत नाहीये रेघेपर्यंत," मी म्हणालो.

"मग राहू दे. ओढू नकोस."

पेस्ट सुकायला रात्रभर ठेवली. सकाळी तेल भरलं, अडीचशे मिली, खाली नवा पुठ्ठा सरकवला. त्याच्या दुसऱ्या सकाळी उठल्याबरोबर खाली गेलो तर आई आधीच तिथे होती, वाकून बघत. पुठ्ठा कोरा होता. मी बॅटरीचा झोत टाकला. बोल्टाच्या डोक्याला खालून तेलाचा एक थेंब आला होता, गोल, सोनेरी, लोंबत असलेला. पडला नव्हता.

आईने तो बराच वेळ पाहिला.

"दोन वेढे कमी पडले," ती म्हणाली, आणि रीळ आणायला वर गेली.